आईच्या ट्रकचा खटला

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आईला घरात बसवेना. टीव्ही लावायची, बंद करायची, वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत जायची, परत यायची. तिचं मन रमावं म्हणून मी माझ्या कॉम्प्युटरवरचा ट्रक चालवायचा गेम तिला लावून दिला. वडील हयातभर उरणहून कंटेनरचा ट्रेलर चालवत. पण कंपनीच्या गाडीत घरच्यांना बसवायचं नाही म्हणून आई त्या केबिनमध्ये कधी चढलीच नव्हती.

पहिल्याच दिवशी तिने ट्रक टोलनाक्यावर आदळला आणि खूप हसली. वडील गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हळूहळू ती रिव्हर्समध्ये ट्रेलर लावायला लागली. सोसायटीतल्या बायका भेटायला आल्या की म्हणायची, "थांबा गं, एवढा माल उतरवते."

मग ऑफिसने मला नागपूरला पाठवलं. तिथे लॅपटॉपवर मी त्याच अकाउंटमधून खेळायचो, इकडे नेरुळला आई. ज्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला होता, त्यांनी अकाउंटच बंद केलं. मेलमध्ये एवढंच: तुम्ही ते दुसऱ्याला वापरायला दिलंत, अटींचा भंग झाला, निर्णय अंतिम. आईचा फोन आला, "अरे, गाडी उघडत नाहीये. माझ्याकडून काय बिघडलं का?"

मी त्यांना लिहीत राहिलो, नागपूरहून परत आलो तरी. दरवेळी तेच छापील उत्तर यायचं, खाली 'आपला दिवस शुभ जावो'. फोन नंबर नव्हताच. भांडायचं तर समोर माणूस तरी हवा ना! ऑफिसात फाइल उघडून मी नुसता पाय हलवत बसायचो. घरी आल्यावर आई काही विचारायची नाही, फक्त तोंडाकडे बघायची. ते जास्त लागायचं. शेवटी ग्राहक आयोगात तक्रार केली. मित्र हसले, "गेमसाठी केस? वेडा झालास का?"

तारखा पडत गेल्या. बेलापूरच्या सुनावणीत कंपनीचा तरुण वकील शांतपणे म्हणाला, "यांनी गेम विकत घेतलेलाच नाही. वापरायची परवानगी घेतली, ती आम्ही काढून घेऊ शकतो."

मला राहवलं नाही. "मग बटणावर 'विकत घ्या' असं का लिहिलंय?"

"अटी तुम्ही मान्य केल्यात."

आयोगाच्या सदस्य बाई वकिलाला म्हणाल्या, "त्यांनी विचारलंय त्याचं उत्तर पुढच्या तारखेला लेखी द्या."

ती तारीख यायच्या आधीच वकिलाचा फोन आला. अकाउंट परत सुरू करतो, तक्रार मागे घ्या.

"नाही घेणार," फोन ठेवून मी घरात जोरातच म्हणालो. "उत्तर द्यायचं टाळतायत. निकाल लागू दे."

आई काठी टेकून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुला निकाल पाहिजे. मला गाडी पाहिजे."

"अगं, उद्या परत बंद करतील!"

"करतील तेव्हा बघू. तुझ्या बापाने तरी कुठे स्वतःची गाडी चालवली?"

 मी तक्रार मागे घ्यायच्या कागदावर सही करून टाकली.

अकाउंट उघडलं. गेम होता, पण आईने जमवलेले ट्रक, तिने केलेल्या फेऱ्या, सगळं पुसलं गेलं होतं. ती जरा वेळ त्या रिकाम्या गॅरेजकडे बघत बसली. मग खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

ती सावरली, मी नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी अकाउंट उघडून बघतो. परवा ऑफिसात असताना आईचा फोन आला, "गाडी बंद पडली रे."  वकिलाचा नंबर शोधत मी जिन्यापर्यंत पोचलो, तोवर तिचा परत फोन. सोसायटीची लाइट गेली होती, आता आली.

मी तिथेच पायरीवर बसलो. तरी मोबाइलवर अकाउंट उघडून बघितलं.