दह्याची टोपी

नेदरलँड्समधल्या आल्मेरेत नवी आले तेव्हा माझं दही लागायचंच नाही. रात्री विरजण घालावं आणि सकाळी पातेल्यात तेच थंडगार दूध. शेवटी शेजारच्या सोलापूरच्या काकू म्हणाल्या, "अगं, पातेलं हीटिंगच्या रेडिएटरजवळ ठेव आणि वरून लोकरी टोपी घाल." तेव्हापासून नवऱ्याची जुनी कानटोपी दह्याची झाली. ऑक्टोबर उजाडला की ती कपाटातून निघायची.

काही वर्षांनी ती नोव्हेंबरात निघू लागली. पुढे डिसेंबरात. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी विचार करायचं टाळलं.

यंदा जानेवारीत पातेलं ओट्यावरच विसरले. रेडिएटर कित्येक दिवस बंद होता. सकाळी चरफडतच झाकण काढलं, तर दही सुरीनं कापावं इतकं घट्ट. टोपी कपाटातच होती.

"बरंय की, हीटिंगची कटकट गेली," नवरा म्हणाला. बाहेर समोरच्या डच आजी बिनकोटाच्या उभ्या होत्या. "काय सुंदर हवा!" म्हणाल्या. मला दोघांचाही राग आला. अहो, जानेवारी आहे हा!

आमचं हे गाव समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर वसलंय. संध्याकाळी फिरायला आम्ही पाणी अडवणाऱ्या बांधावर चढतो. त्या दिवशी वर उभी राहून मी आधी मागे वळून घराकडे पाहिलं, मग समोर. बांधापलीकडचं पाणी माझ्या ओट्यापेक्षा उंच होतं.