साहेबांच्या लॉगिनवर

"बूट बाहेर काढ. आत गालिचा आहे."

साहेब मला म्हणाले. त्यांच्यामागून पाहुणे आत गेले, सगळे बुटांसकट. मी मीटिंगच्या खोलीच्या दाराशी वाकून सेफ्टी शूज काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते झाकायला एक पाय दुसऱ्यावर ठेवून मी लॅपटॉपपाशी उभी राहिले. समोर खुर्ची होती. तिच्यावर साहेबांनी स्वतःची बॅग ठेवली.

चाकणची कंपनी. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे भाग बनवणारी. मी ठेकेदाराकडून लागलेली, तपासणी विभागात. साहेब त्या विभागाचे इंजिनियर, वाकडच्या टॉवरमध्ये राहणारे. पाहुणे म्हणजे आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक. पडद्यावर जे चाललं होतं ते मी आठ महिने खपून बांधलं होतं. "मी डिझाइन केलंय," साहेब पाहुण्यांना म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "पुढचं दाब."

मी दाबलं. तासभर दाबत राहिले.

मी ते बांधण्याआधी आमच्याकडे भागाचं एकच माप चार वेळा लिहिलं जायचं. कागदावर, मग रजिस्टरात, मग कॉम्प्युटरात, मग गेटवाल्यांना व्हॉट्सअॅपवर. चार हात, चार चुका. आकुर्डीला कॉम्प्युटरचा क्लास लावून मी थोडं शिकले, बाकीचं फोनवर बघून. ते चारही टप्पे एकाला एक जोडले. क्रेटवरचं स्टिकर स्कॅन करायचं, माप टाकायचं. बरोबर असेल तर गेटची पावती आपोआप निघणार. चुकलं, किंवा माप आलंच नाही, तर सगळं थांबणार. कुणीतरी जाऊन तो क्रेट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे सरकणार नाही. सगळ्यात जास्त डोकं मी या थांबण्यावर घातलं होतं. यंत्राला कळलं नाही तर त्याने अंदाज मारू नये, माणसाला हाक मारावी. प्रत्येक पायरी मी एका वहीत मराठीत लिहून ठेवली, का केली तेही. उद्या मी नसले तरी शमीमआपांना चालवता आलं पाहिजे. आपा चाकणच्याच, माझ्या शेजारी बसून मापं घेणाऱ्या. त्यांचा जन्म त्याच टेबलावर गेलेला.

पण ठेकेदाराच्या माणसाला तिथे लॉगिन मिळत नाही. सगळे साहेबांच्या लॉगिनवर काम करतात. पासवर्डची चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली, साहेबांच्याच अक्षरात. म्हणून मी केलेल्या प्रत्येक गोष्टीखाली त्यांचं नाव पडत होतं. मला त्याचं काही वाटायचं नाही. गालिच्यावर उभी असतानाही वाटलं, दाखवतायत तरी माझं काम. इतकी मी खुळी.

"आयत्या बिळावर नागोबा," डबा खाताना आपा म्हणाल्या. "आन् तू त्याला दूध पाज."

पुढे नेट सारखं जायला लागलं. स्कॅन अर्धवट व्हायचं, मापाची जागा रिकामी यायची, आणि काम थांबायचं. ठरवल्याप्रमाणेच थांबायचं. पण गेटवर ट्रक ताटकळायला लागले. साहेब टेबलाशी आले.

"रिकामं आलं तर पास धर."

"सर, रिकामं म्हणजे पास नाही. रिकामं म्हणजे कुणी बघितलंच नाही."

"तुला विचारलंय? आता ठेकेदाराची माणसं मला शिकवणार?"

अख्खा विभाग ऐकत होता. मी मान खाली घातली आणि बदल केला. एका ओळीचं काम. हात माझेच होते, हे मी कुणापासून लपवत नाही. वहीत लिहिलं, साहेबांनी सांगितलं म्हणून.

महिन्याभरात माल परत आला. न बघितलेले क्रेट, मापाबाहेरचे भाग. चौकशी लागली.

एचआरच्या मॅडमनी मला बोलावलं. साहेब शेजारी बसलेले. टेबलावर टाइप केलेला कागद. त्यात असं की मी साहेबांचा पासवर्ड त्यांच्या नकळत वापरला आणि माझ्या मनाने बदल केला. खाली सहीची जागा. मी दोनदा वाचलं, मग डोक्यात उजेड पडला. कॉम्प्युटरात त्या बदलाखाली साहेबांचं नाव होतं. ते पुसता येत नव्हतं. म्हणून माझी सही हवी होती. आठ महिने कामाखाली माझं नाव नको होतं, आता चुकीखाली हवं होतं.

"सही कर," मॅडम म्हणाल्या. "पॅकिंगला घेऊ तुला. नोकरी राहील."

साहेब पहिल्यांदाच मऊ बोलले. "तुमच्या लोकांना संधी दिली की हे असं होतं. तरी मी सांभाळून घेतोय."

तुमच्या लोकांना. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं.

मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आले. आपांना म्हटलं, तुमच्यासमोर त्यांनी सांगितलं होतं, तेवढं लिहून द्या. आपांनी डोळे पुसले. "मला न्हाई जमायचं, पोरी. सही कर. पान्यात ऱ्हाऊन माशाशी वैर करू न्हाई." मला त्यांचा राग आला नाही. स्वतःचा आला. ती एक ओळ मी मान खाली घालून लिहिली होती, आणि आता हीच मान आणखी खाली घालायची होती.

आत जाऊन कोरा कागद मागितला. लिहिलं, लॉगिन साहेबांनीच दिलं. रिकामं माप पास धरायला त्यांनीच सांगितलं. चूक आहे हे माहीत असून बदल मी केला. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. सही.

मॅडमनी वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. वही साहेबांनी ठेवून घेतली. गेटवर माझं कार्ड काढून घेतलं.

साहेब तिथेच आहेत. चौकशीत 'मानवी चूक' असा शेरा पडला. आपा फोनवर सांगतात, रिकामं आलं की अजून पासच होतंय. ब्रेकचे भाग आहेत ते. मी त्या मोठ्या कंपनीला पत्र टाकलं. उत्तर नाही.

चऱ्होलीच्या आमच्या खोलीत माझ्या एकटीच्या पगारावर चूल पेटायची. नोकरीसाठी तीन ठिकाणी जाऊन आले. तिसऱ्या ठिकाणी सगळं जमलं होतं. शेवटी ते म्हणाले, "लॉगिनचं नंतर बघू. सध्या सरांच्या लॉगिनवर सुरू कर." मी म्हटलं, आधी माझं लॉगिन. ते हसले. मी उठून आले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं काही चुकलं नाही.

हे बदलेल असं मला वाटत नाही. भीती रोज वाटते. पण माझं काम माझ्या नावावर पडेल, माझी चूकही माझ्या नावावर पडेल, आणि ती करायला लावणाऱ्याचं नाव त्याच ओळीत पडेल. जिथे हे नाही तिथे मी एकही बटण दाबणार नाही. उपाशी राहिले तरी नाही.