सत्तावीस नंबरचे पालक

चौथीच्या बाईंचा वर्ग बघायला माणसं लांबून येत. त्यात बघण्यासारखं काय, असं विचाराल तर पहिल्या पाच मिनिटांत काहीच दिसायचं नाही. तोच फळा, तेच बाक, तोच कुरकुरणारा पंखा. मग एखादा मुलगा बोलायला उभा राहायचा, त्याचं पहिलंच अक्षर घशात अडकायचं, आणि बाकीची तीस मुलं आपापले हात मांडीखाली घालून गप्प बसून राहायची. कुणी शब्द पुरवायचं नाही, कुणी खाकरायचं नाही. अर्धं मिनिट जायचं, पाऊण जायचं. पाहुण्यांच्या कपाळाला घाम फुटायचा, पण मुलांना कसलीच घाई नसायची. शेवटी शब्द बाहेर यायचा, वाक्य पुरं व्हायचं, आणि लगेच शेजारचा त्याच्याशी वाद घालायला लागायचा, कारण तो बोलला होता ते मुळातच चूक होतं. अडखळणाऱ्यासाठी थांबायचं हा बाईंचा नियम होता. त्याचं चुकलेलं गणित बरोबर धरायचं, असा नियम नव्हता.

हे काही आभाळातून पडलेलं नव्हतं. बाईंनी ते सोळा वर्षं रोज थोडं थोडं बसवलं होतं. एकदा वर्षाच्या मधेच एक मुलगी आली, तिला इथली भाषा येत नव्हती. बाईंनी आधी वर्गाला तिच्या भाषेतले वीस शब्द पाठ करायला लावले आणि चुका काढायचं काम तिच्याकडे दिलं. आठवड्याभरात ती पोरगी सगळ्यांवर डाफरायला लागली. चाकांच्या खुर्चीतला एक मुलगा दुसरीत होता, तो दोन वर्षांनी आपल्याकडे येणार हे ओळखून बाई तेव्हापासूनच हेडसरांच्या मागे हात धुऊन लागल्या. शेवटी ऑफिस वरच्या मजल्यावर गेलं आणि चौथीचा वर्ग खाली आला. हेडसरांना अजूनही जिना चढताना बाईंची आठवण येते, आणि ती फारशी गोड नसते.

यंदा मात्र त्यांच्या वर्गात सत्तावीस नंबरला त्यांची स्वतःची मुलगी होती. चौथीची तुकडी एकच, त्यामुळे दुसरीकडे पाठवायचा प्रश्नच नव्हता. आणि यंदाच, चौथीचं वर्ष सुरू व्हायच्या तीन महिने आधी, जुन्या वर्षाच्या परीक्षांच्या तोंडावर, मुलीचे वडील गेले होते.

ते फ्रीज दुरुस्त करायचे. एका दुपारी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागे वाकले ते उठलेच नाहीत. मुलीला भिंगरी हे नाव त्यांनीच पाडलेलं. ते कामावरून आले की ती त्यांच्याभोवती गोल गोल फिरत दिवसभराचं सगळं सांगत सुटायची. आता ती फिरत नव्हती, सांगत नव्हती. नाव मात्र तेच राहिलं.

बाईंचं म्हणाल तर त्या रडल्या नाहीत. दहाव्या-पंधराव्या दिवशी शाळेत आल्या, मस्टरवर सही केली, खडू घेतला. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, "काय खंबीर बाई आहे." लोकांना एक शब्द सापडला की ते निर्धास्त होतात. बाईंना खंबीर वगैरे काही वाटत नव्हतं. त्यांना काहीच वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं त्यांचं डोक्यापासून पायापर्यंत झालं होतं. चहा गरम आहे एवढं कळायचं, गोड की अगोड ते कळायचं नाही.

शाळेत हे खपून जायचं. समोर एकतीस पोरं असली की तोंड आपसूक चालतं. पण घरी आल्यावर त्यांच्यात काही उरायचं नाही. त्या पलंगाच्या कडेला बसायच्या, पर्स मांडीवर, आणि बसल्या बसल्या संध्याकाळ व्हायची. भिंगरी आपला आपला गृहपाठ करायची, दूध गरम करून प्यायची, कप विसळून पालथा घालायची. दोघींत दिवसाकाठी पंधरा-वीस वाक्यं व्हायची. गॅस बंद केलास का, दप्तर भरलंस का, असली. सुरुवातीला भिंगरी मधूनच बाबांचं काहीतरी काढायची. बाई "हं" म्हणायच्या. असे बरेच "हं" झाल्यावर तिनं काढायचं सोडून दिलं.

हे बाईंना दिसत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणाचं मूल असं गप्प झालं असतं तर त्यांनी आठ दिवसांत छडा लावला असता. इथे काय करायला हवं ते माहीत असूनही त्यांच्याच्यानं होत नव्हतं. पोर अशीच मिटत जाईल आणि एक दिवस मिटलेलीच मोठी होईल, ही एकच गोष्ट त्यांना त्या बधिरपणातही टोचायची. टोचायची आणि तिथेच राहायची.

वर्गात भिंगरी त्यांना "बाई" म्हणायची. ते पहिल्याच दिवशी शाळेच्या वाटेवर ठरलं होतं. "शाळेत मी तुझी बाई," बाई म्हणाल्या होत्या, आणि ती म्हणाली होती, "माहितीये." उद्या कुणी बोट दाखवायला नको, स्वतःच्या मुलीला पुढे करते म्हणायला नको, म्हणून बाई प्रश्न विचारताना तिला सगळ्यात शेवटी विचारायच्या. तोवर घंटा झाली तर तिचं राहायचं.

सहामाही परीक्षा झाली आणि पालकांच्या भेटी आल्या. बाईंच्या भेटींची पद्धत वेगळी. मूल सोबत बसायचं आणि आधी तेच बोलायचं, आईवडिलांनी ऐकायचं. मग मुलाला हवं असेल तर पालक पाच मिनिटं व्हरांड्यात थांबायचे आणि मूल बाईंशी एकटं बोलायचं. त्या पाच मिनिटांतलं बाई घरी कळवत नसत. मार, दुखापत असं काही असेल तर सांगावं लागेल, हेही त्या मुलांना आधीच सांगून ठेवायच्या. एकदा एका मुलाच्या वडिलांनी टेबलावर हात आपटून आपटून विचारलं होतं, पोरगं काय बोललं म्हणून. बाईंनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, उत्तर दिलं नाही. ही गोष्ट मुलं पुढच्या वर्षीच्या मुलांना सांगायची. त्यामुळे बाईंचा शब्द म्हणजे शब्द, हे चौथीत पाऊल टाकायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असायचं.

भेटींची यादी बाईंनी शाळेतच, मधल्या सुट्टीत केली. नंबर, पालकांचं नाव, वेळ. सव्वीसपर्यंत आल्या, सत्तावीसपुढे आडवी रेघ मारली आणि अठ्ठावीसवर गेल्या. हात जरासुद्धा अडला नाही. वडील नाहीत, आई टेबलाच्या अलीकडे बसणार, मग बोलवायचं कुणाला? हिशोब अगदी बरोबर होता. शिपाई मावशींनी ती यादी वर्गाच्या दाराला चिकटवली, सगळ्या मुलांना दिसेल अशी.

दोन दिवस भेटी चालल्या. शेवटची आली ती एकतीस नंबरची आजी. तिनं नातवाबद्दल दोन मिनिटं आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल वीस मिनिटं सांगितलं. ती गेल्यावर मावशी किल्ल्या घेऊन डोकावल्या. "बाई, कुलूप घालू का?"

"दहा मिनिटं द्या," बाई म्हणाल्या आणि कागद गोळा करायला लागल्या.

भिंगरी बाहेरच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. ती आत आली आणि टेबलासमोरच्या, मुलांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसली. शेजारची पालकांची खुर्ची रिकामी होती.

"बाई, माझं राहिलंय."

"आता घरीच जायचंय ना आपल्याला. चल."

"यादीत माझ्या नावापुढे रेघ आहे. रेघेचा अर्थ काय असतो?"

बाईंनी गोळा केलेले कागद परत टेबलावर ठेवले, वही उघडली आणि नवीन पान काढलं. "आधी तू बोल," त्या म्हणाल्या. सगळ्यांना हेच म्हणायच्या.

"गणित बरं चाललंय. भागाकारात घाई होते. कविता पाठ होतात." भिंगरी थांबली, मग म्हणाली, "वर्ग चांगला आहे. कुणी कुणाला चिडवत नाही. पण तुम्ही मला नेहमी शेवटी विचारता. मग घंटा होते."

बाईंनी ते लिहून घेतलं. असलं काही मुलं बोलली की त्या लिहून घ्यायच्या.

"आता पाच मिनिटं पालकांनी बाहेर जायचं असतं," भिंगरी म्हणाली. "माझे पालक आलेच नाहीत. मग बोलू?"

खरं तर इथे उठून पोरीला पोटाशी धरायला हवं होतं. तुम्हीआम्ही असतो तर धरलं असतं, असं म्हणायला आपल्याला काय जातंय. बाईंच्या तोंडून सवयीनं दरवेळचं वाक्य निघालं, "इथलं इथंच राहील. कुणी मारत असेल, काही दुखापत असेल, तर मात्र मला सांगावं लागेल."

"तसलं नाहीये."

"मग बोल."

भिंगरीनं कपाटाकडे बघत सांगायला सुरुवात केली. "माझी आई घरी आली की पलंगावर बसते. कधीकधी चपला घालूनच बसते. मी काही सांगितलं की हं म्हणते. एकदा मी मुद्दाम खोटं सांगितलं, आज आमच्या शाळेला आग लागली म्हणून. तरी हं म्हणाली."

बाईंना तो दिवस आठवेना. त्या आठवायचा प्रयत्न करत राहिल्या.

"मला बाबांबद्दल बोलायचं असतं. त्यांचा आवाज मी विसरत चाललेय. चेहरा आठवतो, फोटो आहे ना. आवाज नाही आठवत. आईला विचारायचं असतं, पण विचारलं आणि ती आणखीनच तशी झाली तर? म्हणून मी विचारत नाही." मग तिनं बाईंकडे बघितलं. "मी काय करू, बाई?"

बाईंना रडू आलं नाही. सोळा वर्षांत हा प्रश्न त्यांना पुष्कळ मुलांनी विचारला होता आणि दरवेळी काहीतरी सुचलं होतं. आज सुचेना. मग त्यांनी तेच विचारलं, जे त्या प्रत्येक मुलाला विचारत. "तुझ्या आईशी मी बोलू का?"

भिंगरीनं नीट विचार केला. "नको. तुम्ही सांगितलंत तर ती करेल. पण गृहपाठासारखं करेल."

"मग नाही सांगत."

"नक्की?"

"मी कधी कुणाचं सांगितलंय?"

"नाही," भिंगरी म्हणाली आणि दप्तर पाठीला लावलं. मावशींनी मागे कुलूप घातलं.

घर चालत पंधरा मिनिटांवर होतं. बाईंच्या डोक्यात एवढंच होतं, की आता आपल्याला सगळं माहीत आहे आणि काहीच माहीत असून चालणार नाही. घरी जाऊन पोरीला जवळ घेतलं, बाबांचा विषय काढला, तर तिला लगेच कळणार की बाईंनी सांगितलं. आई तर तिच्या हातून गेल्यातच जमा होती. आज शब्द मोडला तर बाईही जाणार.

घरी आल्यावर बाईंनी चपला काढल्या आणि पर्स खुंटीला अडकवली. पलंगाकडे न जाता त्या स्वयंपाकघरात आल्या. भिंगरी दूध तापवत होती. बाई स्टुलावर बसल्या. भेटीला न येऊ शकलेल्या आया त्यांनी आजवर ढीगभर बघितल्या होत्या. त्या आया घरी जाऊन काय विचारत असतील, ते त्यांनी आठवून बघितलं.

"आज तुमच्या शाळेत पालकांची भेट होती ना?"

भिंगरी वळली. आई थट्टा करतेय का, हे तिनं बराच वेळ निरखून बघितलं. "होती."

"मला यायला जमलं नाही."

"सगळ्यांचं कुणी ना कुणी आलं होतं. एकाची तर आजी आली होती. गुडघे दुखतात तिचे, तरी आली."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

दूध वर आलं. भिंगरीनं गॅस बंद केला.

"काय बोललीस बाईंशी?"

"ते घरी सांगायचं नसतं."

"बरं. मग नको सांगू."

भिंगरीनं दूध कपात ओतलं, साय काढून कडेला ठेवली. बाई तशाच बसून राहिल्या. उठावं असं त्यांना वाटत होतं, पाठ दुखत होती, पण त्या उठल्या नाहीत. दुधावर परत साय धरेपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

"बाबा असते तर आले असते," भिंगरी कपाकडे बघत म्हणाली.

"आले असते. आणि तुझं राहिलं बाजूला, सगळ्यांना त्यांच्या घरचा फ्रीज कसा चालतोय ते विचारत सुटले असते."

भिंगरीच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. मग ती एकदम गंभीर झाली. "आई, त्यांचा आवाज कसा होता?"

"फुटका," बाई म्हणाल्या. "हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. फोनवर तर असे ओरडायचे, जसं काही पलीकडच्या माणसाला फोनशिवायच ऐकू जायला हवं. आणि तुझं नाव घेताना 'भिं' लांबवायचे." त्यांनी ते तसं म्हणून दाखवायचा प्रयत्न केला. नीट जमलं नाही. बोलताना आत काही हललं म्हणावं तर तसंही नव्हतं. वाक्यं मात्र एकामागून एक येत होती आणि भिंगरी कप तसाच हातात धरून ऐकत होती. दूध पार गार झालं.

"पुढच्या भेटीला येशील?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"येते."

"ये. बाई चांगल्या आहेत," भिंगरी समजावल्यासारखं म्हणाली. "आपण बोललो की त्या ऐकून घेतात. तू एकदा भेट त्यांना."

"भेटते," आई म्हणाली.