राखेच्या कुंड्या

मी परळीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. तीन वर्षं झाली, रविवार कसा असतो ते विसरले. उसाचा भुसा चिंचोक्याच्या खळीत कालवायचा, साच्यात दाबायचा, वाळवायचा. मला रोपांसाठी अशी कुंडी करायची होती, जी रोपासकट पुरली की कुजून मातीच होईल. प्लॅस्टिकची पिशवी नको, एवढंच. पण पाणी पडलं की आठ दिवसांत कुंडीचा लगदा व्हायचा. घरभर आंबूस वास. नवरा म्हणायचा, "बास कर की आता." खरंच, अंगात त्राण उरलं नव्हतं.

धर्मापुरीच्या एका मावशींनी मात्र भरवसा टाकला. त्यांच्या आईनं लावलेलं सीताफळाचं झाड वठलं होतं. त्याच्या शेवटच्या फळांचं बी त्यांनी जपून ठेवलं होतं. ते सगळंच्या सगळं त्यांनी माझ्या चाळीस कुंड्यांसाठी दिलं.

आता या कुंड्या टिकायलाच हव्या होत्या. मग मी परळीकरांचं नेहमीचं औषध काढलं. आमच्याकडे औष्णिक वीजकेंद्राची राख कशात घालत नाहीत ते विचारा! विटांत राख, खड्ड्यांत राख, भांड्यांना राख. मी खळीतही राख घातली, वर बुरशी येऊ नये म्हणून चुना. अहो, काय कुंड्या झाल्या! टिचकी मारली की टणटण वाजायच्या.

"लई झ्याक, मॅडम," मावशी म्हणाल्या. आषाढात रोपं कुंड्यांसकट रानात गेली.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "झाडं पिवळी पडायलीत. कावून?"

मी गेले. खुरप्यानं माती उकरली, तर कुंडी जशीच्या तशी. मुळ्यांना बाहेर पडायला वाटच नव्हती, आतल्या आत गोल गोल गुंडाळल्या होत्या. राख, चुना, पाणी. ते एकत्र आलं की सिमेंटसारखं घट्ट बसतं, हे दरवर्षी फळ्यावर मीच लिहिते. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती, देव जाणे.

दिवसभर आम्ही दोघी हातोडीनं कुंड्या फोडत बसलो. सात झाडं जगली. मला रडू आवरेना. मावशी म्हणाल्या, "तुमी काय जाणूनबुजून केलं व्हय?" त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी अजून भुसा कालवते, राखेला हात लावत नाही. एका मेलेल्या रोपाची कुंडी मावशींनी तेव्हा न फोडताच घरी नेली होती. तिच्यात त्या चमचे ठेवतात. मी चहाला गेले की त्यातलाच एक काढतात.

"अजून तशीच हाय बघा, मॅडम," म्हणतात, आणि अगदी कौतुकानं म्हणतात.