मीटरचा हात

"कामाचा हात आहे, रापलाय. एवढं काय त्यात?"

"रापलेला हात वेगळा आणि मेलेला वेगळा," बायको म्हणाली. "उकळत्या भांड्याचं झाकण हातात धरून मला मीठ कुठंय विचारत होतात तुम्ही. बोटावर फोड आलीय बघा."

त्यानं बघितलं. खरंच आली होती. त्यानं हात टेबलाखाली घेतला.

"कधीपासून चाललंय हे?"

"काही चाललेलं नाही."

"मीटर बंद पडलंय, आणि म्हणे काही नाही."

मीटर हे त्याचं कारखान्यातलं नाव. आवाजाला मागे टाकणारं विमान तिथं घडत होतं. एकुलतं एक, चाचणीचं. त्या वेगात हवा कुणाची गय करत नाही. पत्रे जोडणाऱ्या खिळ्याचं, रिव्हेटचं, डोकं पत्र्यातून केसभर वर राहिलं, तरी तिथंच नख घालते. मोजायला यंत्रं होती, पण शेवटचा शब्द याच्या हाताचा. तो अंगठी काढायचा, हात धुवायचा, डोळे मिटायचा. पंखे बंद व्हायचे, खोकणारा बाहेर जायचा. तळवा पत्र्यावरून सरकायचा आणि जिथं अडेल तिथं खडूची फुली. बावीस वर्षं तो हात चुकला नव्हता.

अठरा दिवसांपूर्वी शेपटीचा पत्रा हवेतच सोलून निघाला. खांद्याचं हाड मोडूनही वैमानिकानं विमान कसंबसं खाली आणलं. पत्रा ठोकला होता मेहुणीनं. याच्याच शब्दावर ती कामाला लागली होती. तपासणीच्या कार्डावर याची सही होती. मीटर काही चुकणार नाही, तेव्हा तपासणीनंतर हिनंच गुपचूप एखादा रिव्हेट बदलला असणार, असं चौकशीत ठरलं. ठरत होतं तेव्हा हा समोरच बसून पाण्याच्या पेल्याकडे बघत होता.

दार वाजलं. मेहुणीच होती. चप्पल काढता काढताच बोलू लागली. उद्या कबुलीवर सही करायची आणि काम सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं. तपासणीच्या दिवशी एक रिव्हेट तिला खटकला होता, तसं ती म्हणालीही होती. पण भावजींनी हात फिरवून बरोबर आहे म्हटलं, म्हणजे तो बरोबरच असणार. मग नंतर आपणच काहीतरी केलं असेल आणि विसरलो असू. तिला झोप नव्हती, हे तिच्या डोळ्यांकडे बघून कुणीही सांगितलं असतं. तो डोळ्यांकडे बघत नव्हता.

तिनं पिशवीतून पत्र्याची वीतभर पट्टी काढली. बारा रिव्हेट, आजच ठोकलेले.

"भावजी, एकदा हात फिरवा. माझा हात बिघडलाय का, तेवढं कळू दे. मग सही करताना काही वाटणार नाही."

बायको ओट्याला टेकून उभी राहिली.

त्यानं सवयीनं अंगठी काढली, डोळे मिटले. पट्टीवरून बोटं नेली, परत आणली. जाड हातमोजा घालून भिंत चाचपावी, तसं. तोंडातून मात्र बावीस वर्षांची सवय बोलली.

"सगळे बसलेत. छान काम आहे."

बायको पुढं आली. कारखान्यात कधी पाऊल न टाकलेली ती. पट्टीवरून तिनं नुसती करंगळी फिरवली.

"हा वर आहे."

"सातवा," मेहुणी हळूच म्हणाली. "मुद्दामच ठेवला होता, ताई. भावजी पकडतील म्हणून."

त्यानं डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच बोलला.

"पाच महिने झाले. आधी करंगळी गेली, मग बाकीची. त्या दिवशीही मला काही लागलं नव्हतं. तू म्हणालीस तेव्हा वाटलं, यंत्रानं मोजायला सांगितलं तर माझा हात गेलाय हे सगळ्यांना कळेल."

मग त्यानं डोळे उघडले.

"तू सही करू नकोस," तो म्हणाला. "उद्या मी साहेबांना सांगतो. तू फक्त... तू येशील ना माझ्याबरोबर? एकट्याला जमायचं नाही मला."

मेहुणीनं टेबलावरची अंगठी त्याच्याकडे सरकवली. पट्टी उचलली, सातव्या रिव्हेटवर अंगठा ठेवून क्षणभर थांबली, मग पट्टी पिशवीत घातली. चपला हातातच घेऊन, दार उघडं टाकून, ती जिना उतरून गेली.