सीटखालच्या दोन तारा

मिस्त्रींना ‘नवीन घेऊ की जुना?’ असं विचारणं म्हणजे आपण होऊन आपली सकाळ वाया घालवणं. बागेतलं गवत कापायचे ते बसके, चारचाकी, पोटाखाली पाती फिरणारे ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. विचारणाऱ्याला ते आधी शेडच्या मागे नेत. तिथे ताडपत्रीखाली त्यांची स्वतःची जुनी गाडी उभी असे. बिडाचं इंजिन, जाडजूड पत्रा, रंग उडालेला. तिला ते थोरली म्हणत, कारण पोटची मुलगी त्या गाडीनंतर जन्मली होती. “मारा लाथ,” ते गिऱ्हाइकाला फर्मावत. गिऱ्हाईक लाजत लाजत लाथ मारी आणि मग पाय चोळत बसे. तेवढ्यात मिस्त्री त्याला पुढे आणून एखाद्या नव्या ट्रॅक्टरचं झाकण अंगठ्यानं दाबून दाखवत. ते आत जाई आणि टक् करून बाहेर येई.

“डबा आहे हा. बिस्किटं ठेवा यात,” मिस्त्री म्हणत.

सगळंच काही ते मनचं सांगत नव्हते. नव्या गाडीच्या गिअरचा एक दात तुटला की अख्खा संच बदलावा लागतो आणि पुढच्या वर्षी तो संच निघायचा बंद झालेला असतो. थोरलीचा कुठलाही भाग कोणीही लेथवाला करून देई. पण एक गोष्ट ते सांगत नसत, कारण ती त्यांना सांगण्यासारखी वाटतच नव्हती. जुनं इंजिन एकदा तापलं आणि बंद केलं, की पुन्हा चालू व्हायला जीव खातं. म्हणून जुन्या गाड्या चालवणारे सगळे एकच शिकलेले: काही झालं तरी बंद करायची नाही. पात्यात फांदी अडकली, तर गाडी धडधडत ठेवून उतरायचं, फांदी ओढायची आणि परत चढायचं. हे ज्याला सफाईनं जमलं तो तयार झाला, असं त्यांच्यात मानत. मिस्त्री असेच उतरत आले होते आणि हातापायाची बोटं जागच्या जागी होती. नशीब चांगलं असलं की माणूस त्याला आपली हुशारी म्हणतो, त्यातलाच प्रकार.

त्यांची लेक गवत कापायची कंत्राटं घ्यायची. शाळेचं मैदान, टेकडीवरच्या दवाखान्याची बाग, अशी मोठी कामं. शिकली थोरलीवरच. यंदा तिनं एकदम जाहीर केलं, “बाबा, मी नवीन घेतेय.”

मिस्त्रींच्या हातातला पाना तसाच राहिला. “थोरलीनं काय घोडं मारलंय तुझं?”

“जड जाते मला.”

“इतकी वर्षं नाही गेली ती जड?”

ती खाली बघत राहिली. एरवी बापाला शब्दाला शब्द देणारी पोर, आज गप्प. मिस्त्रींना हे खटकायला हवं होतं. पण त्यांना राग आला होता आणि राग आला की त्यांना दुसरं काही दिसत नसे. पुढे कितीतरी दिवस त्यांनी तिच्याशी अबोला धरला. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले आणि शेडमध्ये बसून कोरडा पाव खाल्ला.

अबोला मोडला तो तिनंच. एका संध्याकाळी नवी गाडी घेऊन ती शेडच्या दारात उभी राहिली. दवाखान्याच्या उतारावर तोल सांभाळायला जरा एका बाजूला वाकलं, की इंजिन बंद पडत होतं.

“झटक्याला मरतंय, बाबा. बघाल का जरा?”

म्हातारा आतून फुलला. आली ना शेवटी बापाकडेच. “ठेवून जा,” एवढंच ते म्हणाले, तेही तोंड वाकडं करून.

नव्या गाड्यांच्या सीटखाली एक स्विच असतो. माणसाचं वजन सीटवरून उठलं की तो इंजिन बंद करतो. वैतागलेली गिऱ्हाइकं ‘ते काढून टाका’ म्हणून मागे लागत आणि मिस्त्री काढून टाकत. स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडायच्या आणि वरून टेप गुंडाळायची. हात इतका बसलेला, की तेल बदलावं तसं ते काम होऊन जाई. त्या संध्याकाळीही झालं. सीट बसवून त्यांनी गाडी चालू केली, खाली उतरले, बाजूला उभे राहिले. इंजिन चालूच. आता कशी शहाण्यासारखी वागतेय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

सकाळी लेक आली. “झालं?”

“झालं. आता वाक हवी तेवढी. नाही मरायची.”

ती हसली, कितीतरी दिवसांनी. गाडी घेऊन गेली.

दुपारच्या आत जावई आला. तो बेकरीत कामाला होता. पाळी संपली की सासऱ्यासाठी ताजा पाव घेऊन यायचा. पाव बाकावर ठेवून तो जरा घुटमळला.

“बाबा, रागावू नका. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली होती. पण आता तुमचं बोलणं सुरू झालंय, म्हणून सांगतो. मागे थोरलीवरून फांदी काढायला उतरली तेव्हा ओढणी पात्यात गेली तिची. मानेला फास बसला होता. ओढणी जुनी होती म्हणून फाटली, नाहीतर काही खरं नव्हतं. तुम्हाला कसं सांगायचं? तुमचा जीव त्या गाडीत.”

मिस्त्रींनी वळून शेडच्या मागच्या बाजूला पाहिलं.

“झोपेत दचकायची हो. म्हणून नवीन घेतली. महाग पडली, पण एवढ्या एका गोष्टीसाठी वसूल आहे, म्हणते. सीटवरून उठलं की सगळं बंद. आता तर ब्रेकसुद्धा लावत नाही, सरळ उतरते.”

मिस्त्रींनी खिशातून फोन काढला. लेकीचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. कानांवर आवाज अडवणारी ती जाड झाकणं लावून ती काम करायची, तिला काय ऐकू जाणार?

“स्कूटर काढा,” मिस्त्री म्हणाले.

“काय झालं?”

“आधी काढा हो.”

टेकडी चढताना जावई पुन्हा पुन्हा विचारत होता आणि म्हातारा नुसता ‘जोरात घ्या’ म्हणत होता. दवाखान्याच्या फाटकाशी इंजिनाचा आवाज आला. जन्मभर इंजिनं ऐकलेल्या माणसाला तेवढ्यावरून कळलं. गाडी पुढेमागे होत नव्हती. एकाच जागी घुमत होती.

गाडी उताराच्या तळाशी भिंतीला टेकली होती. सीट रिकामी. चाकं माती उकरत होती, पाती फिरत होती. वर अर्ध्या उतारावर लेक गवतात बसली होती, पांढरीफटक, एक पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून. बुटाचं टोक उडालं होतं आणि उरलेलं लालभडक झालं होतं. दवाखान्याची नर्स पायऱ्यांवरून पळत येत होती.

मिस्त्री तिच्यापुढे गुडघ्यावर बसले.

“बंदच नाही झाली, बाबा,” ती म्हणाली. ओठ नीट हलत नव्हते. “मी उतरले, तशीच अंगावर आली. तुमचंच खरं होतं. नवीन म्हणजे नुसता डबा. बरी झाले ना, की थोरलीच चालवीन.”

जन्मभर हेच ऐकायची त्यांना हौस होती. गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं.

“बूट काढून बघा ना, बाबा. माझी हिंमत नाही होत.”

त्यांनी नाडीला हात घातला. ओली गाठ सुटेना. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, “गाडीचा दोष नाही, बाळा. सीटखालच्या तारा मी जोडल्या. झटक्याला मरू नये म्हणून. उतरलं तरी चालूच राहील, हे मला माहीत होतं.”

खाली इंजिन घुमत होतं. कण्हत, दोन्ही हातांनी उचलून, लेकीनं तो पाय त्यांच्या हातातून काढून घेतला.

“तू काढ,” ती नवऱ्याला म्हणाली.