प्रशासकाशी संपर्क साधा

"थांबा, बाई बोलायली."

असं म्हणून ते उजव्या हाताचा पंजा वर करत. समोर कोण उभं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. कार्यकारी संचालक असोत की चहा घेऊन आलेला माणूस, पंजा वर गेला की गप्प राहायचं. मग टेबलावरच्या लहानशा स्पीकरमधून एक बाई बोलू लागे. तिचा वेग असा, की कुणी पत्र्यावर हरभरे ओततंय असं वाटावं. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे. ते मात्र मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकत आणि मग म्हणत, "हां, आता तुमी बोला."

केज तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात, कारकून होते आणि ते टेलिफोन ऑपरेटर. सहा वर्षांचे असताना गोवराच्या तापात त्यांची नजर गेली होती. सगळा कारखाना त्यांना 'ऑपरेटर' म्हणे. मी भाऊ म्हणायचे. नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं.

तुम्हीही एखाद्या ऑफिसात असा माणूस पाहिला असेल, ज्याच्याविषयी आख्ख्या इमारतीचं मत चांगलं असतं आणि ज्याला नेमकं काय लागतं हे कुणालाच ठाऊक नसतं. आमच्याकडे ते होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. एकदा मी विचारलं, "भाऊ, पेन कशाला ठेवता?" तर म्हणाले, "तुमी डोळस लोक पेन विसरून येता म्हणून."

पावलांवरून माणूस ओळखतो, अशी त्यांची फुशारकी होती. निम्म्या वेळा चुकायचे. वॉचमनला एकदा "या साहेब" म्हणाले. वॉचमन इतका खूश झाला, की त्यानं दिवसभर कुणाला ते सांगायचं बाकी ठेवलं नाही. चूक कळली तरी भाऊ मान्य करत नसत. "त्यानं आज साहेबासारखं पाऊल टाकलं, त्याला मी काय करू?"

आता ती बाई कोण, ते सांगते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. फुकट मिळतं. औरंगाबादला अंधांसाठी एक वर्ग चाले, तिथून भाऊंनी ते पेन ड्राइव्हवर आणलं आणि आमच्याकडे धूळ खात पडलेल्या एका जुन्या मशीनमध्ये घातलं. बाईला मराठी येत होतं, पण आमची गावं येत नव्हती. केजचं ती 'केजा' करी, आणि युसूफ वडगावचे तर तीन तुकडे करून टाकी. भाऊ स्वतः युसूफ वडगावचे. "माझ्या गावाचं नाव धड घेत न्हाई, तिला कामावर कशी ठिवू?" असं म्हणून त्यांनी तिला शिकवायला घेतलं. कोणता शब्द कसा उच्चारायचा याची यादी त्या सॉफ्टवेअरमध्ये करता येते. रोज दुपारी फोन शांत असले की ते दहा-बारा नावं घालत, ऐकत, खोडत, पुन्हा घालत. याला दोन वर्षं लागली. नंतर वाड्या-वस्त्यांची, विहिरींचीसुद्धा नावं बाई अशी घेई, की जणू तिचं माहेर इथलंच.

मग तो दुष्काळ आला. ऊसच नाही, तर गाळप कसलं? चिमणी थंड पडली. निम्मा कामगार घरी बसला. संचालक मंडळानं ठरवलं, की कारखान्याच्या गाड्यांवर टाक्या चढवायच्या आणि सभासदांच्या गावांना पाणी पोचवायचं. गावानं फोन करायचा, ऑपरेटरनं नाव नोंदवायचं, यादी छापून ड्रायव्हरच्या हातात द्यायची. टँकर गावातल्या विहिरीत रिकामा होई आणि बायका त्या विहिरीतून पाणी शेंदत.

त्या दिवसांतले भाऊ तुम्ही पाहायला हवे होते. सकाळी सातला फोन सुरू. डाव्या कानाला रिसीव्हर, उजव्या कानाशी बाई, दोन्ही हात कीबोर्डवर. गाव, वेळ, किती उंबरे, कोणती विहीर. साडेनऊला यादी तयार. एकदा एका पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला, आमच्या गावाला आधी सोडा म्हणून. भाऊ म्हणाले, "बाईला इचारतो." रिसीव्हर स्पीकरला लावला आणि एक बटन दाबलं. हरभरे ओतले गेले. "ऐकलं का? बाई म्हणती, सातवा नंबर हाय." बाईशी वाद घालायची सोयच नव्हती.

त्याच उन्हाळ्यात नवी मशीनं आली.

कारखान्यानं एका कंपनीशी पाच वर्षांचा करार केला होता. मशीनं त्यांची, आतली सिस्टिम त्यांची, दुरुस्तीही त्यांची. जुनी मशीनं त्यांनी बदल्यात उचलून नेली. भाऊंनी आदल्या दिवशी बाई आणि तिची सगळी शिकवण पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती, त्यामुळे ते निर्धास्त होते. नव्या मशीनवरून त्यांनी हात फिरवला, पेन ड्राइव्हची जागा शोधली, घातला आणि वाट पाहिली. काहीच झालं नाही. मग त्यांनी ओळीनं बटनं दाबून पाहिली. मशीन मुकंच.

"ताई, पडद्यावर काय हाय?"

इंग्रजीत एक ओळ आली होती. मी मराठीत सांगितलं, "परवानगी नाही. प्रशासकाशी संपर्क साधा."

"प्रशासक कोण?" त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं.

"आमचं हेड ऑफिस, सर. यात बाहेरचं काहीच टाकता येत नाही. पेन ड्राइव्ह बंद, आवाज बंद. मशीन सुरू केलं की आमचं एकच पान उघडतं, त्याच्या मागं जाता येत नाही."

"पण मशीनमधी मुळातच एक वाचणारा असतो. बरा न्हाई, पण असतो. तो तरी?"

"तोही बंद केलाय, सर."

"मग तुमी चालू करा की."

इंजिनिअर भला माणूस होता. कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "मला पासवर्ड देत नाहीत, सर. मी फक्त वायरी जोडतो."

त्यानंतर महिनाभर भाऊंनी कंपनीच्या तक्रार विभागाला रोज फोन केला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेला माणूस. आवाजावरून त्यांना कळे, की ही मुलगी आज नवीन आहे, किंवा हिला आता जेवायला जायचंय. तक्रार नोंदली जाई, तिला नंबर मिळे, आणि दोन दिवसांनी 'तक्रारीचे निवारण झाले आहे' असा निरोप येई. एका मुलीनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "सर, मशीन चालू आहे ना? मशीन चालू असेल तर मला तक्रार बंद करावी लागते."

"मशीन चालू हाय, बाळ," भाऊ म्हणाले. "मी बंद हाय."

तिनं पुन्हा एक तक्रारीचा नंबर दिला.

मी अर्ज लिहून दिला. तो घेऊन आम्ही दोघं कार्यकारी संचालकांकडे गेलो. साहेबांना भाऊंविषयी माया होती, खोटं कशाला बोलू? त्यांनी अर्ज वाचला, कंपनीला पत्र धाडलं. उत्तर आलं, की करारात अशी तरतूद नाही, आणि परस्पर मशीन उघडलं तर पुढची जबाबदारी कारखान्याची. साहेबांनी आपलं मशीन आमच्याकडे वळवलं. "मी इथला संचालक. माझ्या मुलीचा फोटो पडद्यावर लावायचा म्हटलं तर मलाही हेच येतंय, परवानगी नाही. मी तरी कुणाला सांगू?" भाऊ हसले. साहेबही हसले. अर्ज टेबलावर राहिला.

मग मीच बाई झाले. सकाळी टाइम ऑफिसची कामं बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसायचे. ते फोन घेत आणि शाळेत शिकलेल्या ब्रेलमध्ये जाड कागदावर टोचून ठेवत. नंतर त्यावर बोट फिरवत मला सांगत, मी मशीनमध्ये भरत असे आणि भरलेलं वाचून दाखवत असे. "लई हळू वाचता," ते म्हणत. "बाई तुमच्या चौपट पळायची." मी पळायला लागले, की म्हणत, "आता जीभ अडखळायली. ऱ्हाऊ द्या, तुमच्या चालीनं चला." साडेनऊची यादी साडेअकराला निघू लागली. गेटवर ड्रायव्हर हॉर्न वाजवत.

अशाच एका दिवशी भाऊंनी सांगितलं, "पिंपळगाव. शाळेमागची हीर."

नव्या पानावर गावाचं नाव लिहिता येत नसे, तयार यादीतून निवडावं लागे. यादीत पिंपळगावं तीन. विहीर लिहायला जागाच नाही. जुन्या मशीनमध्ये भाऊंनी त्यांना तीन वेगळी नावं दिली होती. मी भाऊंना विचारायला हवं होतं. बाहेर हॉर्न वाजत होता. मी मधलं पिंपळगाव निवडलं.

टँकर गेला तो आदल्या दिवशी पाणी मिळालेल्या गावात. त्यांनी तो विहिरीत ओतून घेतला. परत कोण पाठवतंय? ज्या पिंपळगावानं फोन केला होता, तिथल्या बायका संध्याकाळपर्यंत विहिरीच्या काठावर बसून राहिल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, तर मशीनवर पिंपळगावला पाणी पोचल्याची नोंद. त्यांचा नंबर शेवटी गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी चार बायका जीप करून थेट ऑफिसात आल्या. सगळ्यांत म्हातारी होती तिनं रिकामी घागर साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "आमचं गाव कागदावर पाणी पिलं व्हय?"

साहेबांनी आम्हाला बोलावून घेतलं. "फोन कुणी घेतला होता?"

"मी," भाऊ म्हणाले.

साहेबांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांना तेवढ्यात सगळं समजलं असं वाटलं, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला तसंच वाटलं. मी दाराशी उभी होते. भाऊंच्या हातात त्या दिवशीचा टोचलेला कागद होता. त्यांनी तो हळूहळू घडी करून खिशात ठेवला.

चार दिवसांनी आदेश निघाला. 'कामाच्या सोयीच्या दृष्टीने' फोन एका नव्या मुलीकडे आणि भाऊ गेस्ट हाऊसवर. दुष्काळात आमच्या गेस्ट हाऊसला कोण येणार होतं? तिथं एक खुर्ची होती, एक बंद कूलर होता, आणि फोन नव्हता.

मी त्यांच्याकडे गेले. मी म्हणाले, "भाऊ, चूक माझी होती."

"ठाऊक हाय, ताई. कागदावर शाळेमागची हीर हाय."

"मग त्या दिवशी दाखवला का नाही?"

"वाचणारं कोण व्हतं तिथं?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी मी साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, आदेश मी आज मागं घेईन. पण त्यांनी तिथं बसून करायचं काय, ते सांगा. तुम्ही किती दिवस वाचून देणार?" मी परत टाइम ऑफिसात आले. आदेश तसाच राहिला.

वर्षभर ते रोज वेळेवर येत, गेस्ट हाऊसच्या खुर्चीत बसत आणि पाचच्या एसटीनं परत जात. तक्रार विभागाला फोन करणं केव्हाच थांबलं होतं. पुढच्या वर्षी विहिरींना पाणी आलं, टँकर बंद झाले आणि भाऊंनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला. तो मंजूर व्हायला आठवडासुद्धा लागला नाही.

शेवटच्या दिवशी, सगळे जेवायला गेलेले असताना, ते माझ्याकडे आले. "ताई, फोनपाशी जरा बसू का?" मी त्यांना जुन्या जागेवर नेऊन बसवलं. रिसीव्हरवर हात ठेवून ते बसले. दहा मिनिटं गेली, वीस मिनिटं गेली. फोन वाजेना. पाणी असल्यावर कोण कशाला फोन करील?

मी शेजारच्या टाइम ऑफिसात गेले आणि ऑफिसचा नंबर फिरवला. भिंतीपलीकडे घंटी वाजली. एकदाच. लगेच त्यांनी फोन उचलला.

"बोला, कारखाना."

मला वाटलं होतं, एखाद्या गावाचं नाव सांगेन. आवाज बदलून सांगेन. त्यांचे शब्द मला फोनमधून ऐकू येत होते आणि भिंतीतूनही.

"बोला, ऐकायलोय. गाव कोणतं?"

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी राहिले.

"घाई न्हाई," ते म्हणाले. "सावकाश सांगा. मी लिहून घेतो."